कोरडा खोकला

तीनशे सतरा हाताला लागत नाही,
असं मासेरूहून तिसऱ्यांदा कळवलं गेलं
तेव्हा मी शेजाऱ्याचं तट्टू मागून आणलं.
बर्फाचा डबा त्याच्या डाव्या कुशीला,
उजवीकडे तोल साधायला दगड भरलेली पिशवी.
चार तास चढ. लेसोथोत सप्टेंबर संपतानाही
माथ्यावर उरतं एखादं बर्फाचं फडकं,
कुणी वाळत घालून विसरल्यासारखं.

अर्जावर सहा चौकोन आहेत.
बरा. औषध पूर्ण. गुण नाही. मृत्यू.
स्वतःहून सोडलं. आणि शेवटचा, सगळ्यांत छोटा:
पाठपुराव्यातून निसटला.
गेल्या महिन्यात मी त्यात चार फुल्या मारल्या.
पेन टेकवलं की कागदाखाली
कुणीतरी दचकतं असं मला वाटतं.
डॉक्टर म्फुट्लाने म्हणतात,
लिपोलेलो, वेळेवर जेवत जा.

मोखेथी सापडला शेळ्यांच्या तळावर,
गुडघ्यांत धरलेली एक अंगोरा, हातात कातर,
सोळा वर्षं सोन्याच्या खाणीत झिजलेलं घोंगडं खांद्यावर.
"खोत्सो," म्हणाला. "ताई, तुम्ही आजारी दिसता."
खरंच, धाप मलाच लागली होती.

गोळ्या? संपवल्या की. एकही न चुकवता.
रिकामी पाकिटं त्याच्या बायकोनं
झोपडीच्या फटींत ठासली होती,
वारा आला की भिंत चांदीसारखी कुजबुजायची.

मग मी डबी पुढे केली.
तो खोकला. काही नाही.
वाकून, मांड्यांवर हात टेकून, बेंबीच्या देठापासून खोकला.
काही नाही. शेळ्या चरायच्या थांबून बघत राहिल्या.
"पूर्वी वाटीभर पडायचा बेडका," तो ओशाळून म्हणाला,
"पूर्वी मागितला असता तर..."
जणू पाहुणी दारात आली
आणि घरात चिमूटभर साखर नव्हती.

नियम असा की, नमुना नाही
म्हणजे गुण आल्याचा पुरावा नाही.
आकडेमोडीत हा माणूस अपयशांत जाईल,
शेळ्या भादरणारा, शीळ घालणारा,
माझ्या दुप्पट श्वास छातीत मावणारा.
हे मी त्याला सांगितलं नाही.
म्हटलं, चल, त्या कड्यापर्यंत पळू.

पळालो. मी अर्ध्यात बसले.
परत येऊन त्यानं घोंगडं डोक्यावरून ओढलं,
पातेल्यातल्या खाऱ्या वाफेत तोंड घातलं,
आणि खूप वेळानं, चमचाभरही नाही,
पण डबीचा तळ ओला झाला.
आम्ही दोघं त्यात असे डोकावलो
की कुणी बघितलं असतं तर हसलं असतं.

"खालच्या वळणावर सेखोन्याना आहे," तो म्हणाला.
दोनशे अठ्ठ्याण्णव. दगडांची रास मी येताना पाहिली होती.
"एकाच बोगद्यातली धूळ खाल्ली आम्ही.
त्याला लांबचं औषध आलं, मला आखूड.
चिठ्ठी कुणी काढली?"
संगणकानं.
"आणि उलटी निघाली असती तर?"

तेच तर आम्ही शोधतोय, मी म्हणाले.
गावोगावच्या बैठकांत शंभरदा म्हटलेलं वाक्य.
तिथे त्या वाऱ्यात ते मला पहिल्यांदा ऐकू आलं.
मोखेथीनं कातरीची धार अंगठ्यावर पाहिली.
"शोधा," म्हणाला, आणि शेळी पुन्हा गुडघ्यांत घेतली.

डबीवर क्रमांक घातला, तारीख, वेळ.
माथ्यावरच्या फडक्यातला मूठभर बर्फ डब्यात भरला.
वळणावर तट्टू आपणहून थांबलं.
मी लगाम ओढला नाही.

घरी येऊन उजवीकडची पिशवी सोडली
तर दगड नव्हतेच, बटाटे होते,
माती न झटकलेले, नेमके तेवढ्याच वजनाचे.

प्रयोगशाळेत बशी आठ आठवडे उबेत ठेवतात,
काही उगवत नाही ना, हे बघायला.
तोवर खिडकीतल्या बटाट्यांना मोड येतील.